नर्मदेवरची नाव आणि न बांधलेले जलपाश

आपल्या इंदूरच्या नळांना येणारे नर्मदेचे पाणी मंडलेश्वरजवळच्या जलूद गावाहून निघते आणि सुमारे 70 किलोमीटरची वाट चालून, विंध्याची चढण चढून येथवर पोचते. त्यासाठी 1970 साली या शहराने मोठे आंदोलन केले आणि 1978 साली नर्मदा इंदुरात आली. पाण्याला डोंगर चढविण्याची विद्या आपल्याला अवगत आहे, हे यावरून उघड दिसते. मग त्याच नदीतून एखादी नाव भडोचहून महेश्वरला का येऊ शकत नाही?

याचे पहिले उत्तर नदीच्या पात्रातच आहे. अमरकंटकाला हजार मीटरांहून अधिक उंचीवर उगम पावून 1312 किलोमीटरांत सागराला मिळणारी ही नदी मोठी खळाळती. महेश्वरच्या थोडे खाली काळ्या पाषाणाने तिला फोडून सहस्रधारा केले आहे. आणखी खाली हिरणफाळ आहे. अहिल्याबाईंच्या घाटाशी नाव वल्हवणारा केवट आपल्या डोहाचा राजा खरा, पण त्याचे राज्य खडकापाशी संपते. भडोचची गोष्ट वेगळी. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात तेथल्या भरतीचे मोठे धास्तीचे वर्णन आहे. परदेशी गलबतांना वाट दाखविण्यासाठी राजाच्या सेवेतील कोळी मचवे घेऊन सामोरे जात. उज्जयिनीचा माल या बंदरात उतरे, हेही तो ग्रंथ सांगतो.

अशा चढाच्या नदीतून नाव वर न्यावयाची, तर जलपाश हवा. जलपाश म्हणजे दोन दारांची पाण्याची खोली. नाव आत घ्यावी, मागचे दार लावावे आणि वरच्या अंगाचे पाणी आत सोडावे. पाणी चढेल तशी नाव चढते. पातळी समान झाली की पुढचे दार उघडते. याला ना पंप लागतो, ना वीज. दारे उघडण्यापुरते बळ असले की झाले. चीनमध्ये चिआओ वेइयुए या अधिकाऱ्याने असा जलपाश 984 साली बांधला. आपल्याकडे गंगेवर फरक्का येथे तो आहे, आणि तेथील नव्या जलपाशाच्या आराखड्यात हिल्सा माशाच्या येण्याजाण्याचीही सोय धरली आहे.

सरदार सरोवराची कोनशिला पंडित नेहरूंनी 5 एप्रिल 1961 रोजी बसविली. धरण राष्ट्रार्पण झाले 2017 साली. लवादाचा निवाडा 1979 चा. पाणी किती, वीज किती, कोणत्या राज्याचा वाटा किती, याचा त्यात कसून हिशेब आहे. धरणात मात्र जलपाश नाही. एवढ्या उंचीला तो अशक्य होता, असे म्हणता येत नाही. चीनमधील तीन घळींच्या धरणात पाच पायऱ्यांचे जलपाश जहाजांना शंभर मीटरांहून अधिक वर चढवितात. तेथे यांग्त्सेवर अफाट मालवाहतूक आहे, आपल्याकडे ती नव्हती, हा युक्तिवाद मला मान्य आहे. पण वाहतूक म्हणजे केवळ टनांनी मोजावयाचा माल, हे गृहीत मला पटत नाही. भडोचच्या खाडीतून गोड्या पाण्यात चढणारा हिल्साही नदीचा वाटसरूच होता. त्याचे भाडे कोणी भरत नव्हते, एवढेच.

आणि गंमत अशी (गंमत हा शब्द येथे कडवटच म्हणावा लागेल), की धरणाने स्वतःच नावेची गरज निर्माण केली. 2019 च्या सप्टेंबरात जलाशय प्रथमच 138.68 मीटरांच्या पूर्ण पातळीला भरला, तेव्हा धार जिल्ह्यातील चिखल्दा गाव पाण्याखाली गेले. पलीकडे महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांत, सातपुड्याच्या कुशीतली गावे बुडाली आणि उरलेल्या पाड्यांच्या वाटाही बुडाल्या. तेथे शासनाला तरंगते दवाखाने चालवावे लागले. डॉक्टर, औषधे, बाळंतीण, सारे बोटीतून. ती बोट पाड्यापाड्याला लागते. खाली भडोचकडे मात्र तिला जाता येत नाही. वाटेत भिंत आहे आणि भिंतीला दार नाही.