दारापासून वेदीपर्यंत (स्वागताध्यक्षीय भाषण)

महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाला दिव्यांगांची सेवा नवी नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाईंनी स्वतः ब्रेल शिकून अंध मुलींना वाचते केले. मुंबईत अमेरिकन मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी 1900 साली अंधशाळा काढली. शाळा उभ्या राहिल्या, आश्रम उभे राहिले. रविवारची उपासना मात्र अनेक ठिकाणी धडधाकट माणूस डोळ्यांपुढे ठेवूनच मांडली गेली.

पहिला अडसर पायऱ्यांचा. रॅम्पला एक सेंटिमीटर उंचीमागे बारा सेंटिमीटर लांबी लागते. म्हणजे 15 सेंटिमीटरच्या तीन पायऱ्यांसाठी 5.4 मीटरचा उतार हवा. जागेअभावी बांधलेल्या आखूड, खड्या रॅम्पवर व्हीलचेअर एकट्याने चढवता येत नाही. रॅम्प मुख्य दारालाच असावा, मागच्या नव्हे. आतला एखादा बाक आखूड केला की व्हीलचेअरवरचा माणूस आपल्या कुटुंबाशेजारी बसतो.

खरी कसोटी प्रभुभोजनाच्या वेळी लागते. सगळे वेदीच्या कठड्याशी गुडघे टेकतात आणि ज्याला चालता येत नाही त्याला भाकर व प्याला सर्वांनंतर जागेवर नेऊन देतात. त्यामागे प्रेमच असते. तरी प्रभूच्या मेजाशी एकजण नेहमी शेवटचा ठरतो. त्याच्या बाकाची पाळी येताच त्यालाही द्यावे. या बदलाला एक रुपयाही लागत नाही.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार नोंदले आहेत, तेव्हा नुसता रॅम्प बांधून भागत नाही. सांकेतिक भाषेचा दुभाषी पुलपिटाजवळ, चेहऱ्यावर आणि हातांवर उजेड पडेल असा उभा हवा. अंध उपासकाला त्या दिवसाची गीते ब्रेलमध्ये किंवा ध्वनिमुद्रित करून आधीच मिळावीत. अनेक स्वमग्न मुलांना लाउडस्पीकरचा दणका सोसत नाही.

सर्वांत चिवट अडसर समजुतीचा. जन्मांधाविषयी ‘पाप कोणाचे?’ असे शिष्यांनी विचारले तेव्हा ख्रिस्ताने दोष त्याच्यावरही ठेवला नाही, आईबापांवरही नाही. तरीही ‘विश्वास कमी पडतो’ असे दिव्यांगाला आजही ऐकवले जाते. हे क्रूर आहे.

परिषदेला आलेल्या पाळकांचे, सभासदांचे आणि विशेषतः दिव्यांग प्रतिनिधींचे स्वागत समितीतर्फे मनःपूर्वक स्वागत. प्रत्येक मंडळीने रॅम्पचा नकाशा काढण्याआधी आपल्या दिव्यांग सभासदांना विचारावे, त्यांना शास्त्रवाचनाला उभे करावे आणि कमिटीवर निवडून द्यावे, ही समितीची विनंती आहे.