क्षय केवळ छातीचाच नव्हे
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आम्ही वैद्य नव्हे. आयुष्य खडू-फळ्यात गेलेले शिक्षक आहोत. तथापि ज्या रोगाविषयी आपल्या घरांतून केवळ कुजबुज होते, कारण मुलींची लग्ने अडतील ही धास्ती, त्याविषयी थोडे बोलण्याची अनुज्ञा घेतो.

क्षय म्हटला की खोकला आणि बेडका एवढेच आपणांस आठवते. परंतु रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली शोधलेला हा जंतू यकृतातही ठाण मांडतो, पित्तनलिका अरुंद करतो, क्वचित स्वादुपिंडात गाठ उत्पन्न करतो. रोग्यास ताप येतो, वजन घटते, उजव्या बरगडीखाली दुखते, कधी कावीळ होते. छातीचा फोटो मात्र निर्दोष असू शकतो. मग घरची मंडळी काविळीची माळ घालतात, चुन्याच्या निवळीत हात धुववितात आणि पाणी पिवळे झाल्याचे पाहून संतोष पावतात! त्यात महिने जातात.

याच्या उलट दुसरा घोटाळा आहे. स्वादुपिंडातील अशी गाठ स्कॅनमध्ये हुबेहूब कर्करोगासारखी दिसते, निष्णातही फसतात. कर्करोग समजून मोठी शस्त्रक्रिया केली आणि काढलेल्या गाठीत क्षय निघाला, अशी उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नमूद आहेत. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी तुकडा काढून तपासता येईल काय, हे डॉक्टरांस अवश्य विचारावे. यकृतात बाहेरून सुई घालतात. स्वादुपिंडापर्यंत दुर्बिणीच्या वाटेने जठरातून पोहोचतात.

येथे एक बारीक गोष्ट सांगणे अगत्याचे वाटते. सगळाच तुकडा फॉर्मलिनमध्ये टाकला तर जंतू मरतात व कल्चर होऊ शकत नाही; त्यासाठी थोडा भाग निराळा पाठवावा लागतो. कल्चरला कित्येक आठवडे लागतात. सीबीनॅट यंत्र सुमारे दोन तासांत उत्तर देते. मात्र या इंद्रियांत जंतू अल्प असल्याने उत्तर नकारार्थी आले तरी क्षय नाहीच, असे ठरत नाही. अशा वेळी सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी ऊतीची रचना, रक्ताचे अहवाल आणि लक्षणे एकत्र ताडून डॉक्टर निर्णय करतात.

निदान ठरले की औषधे सरकारी रुग्णालयात विनामूल्य मिळतात. उपचार बहुधा सहा महिन्यांचा असतो. यांतील काही औषधांनी यकृतास सूज येऊ शकते. यास्तव मळमळ वाढली वा डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे व रक्त तपासून घ्यावे.