जिथं सापडलं, तिथंच: प्रवरेच्या काठानं एक भटकंती

 

मागच्या काही भागांनंतर तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. फिरता फिरता तुम्हाला या गोष्टी सापडतात तरी कशा? कुठं एखादा कोरीव दगड, कुठं झाडाच्या ढोलीत बसलेलं घुबड. खरं सांगू का, सापडणं हा त्यातला सोपा भाग. पाय चालते ठेवायचे, डोळे उघडे ठेवायचे, आणि घाई घरी ठेवून यायची. अवघड भाग पुढचा. सापडल्यावर काय करायचं? आजचा भाग त्याच्यावर. आणि त्यासाठी आपण जाणार आहोत आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, प्रवरेच्या काठाकाठानं.

सुरुवात वरून करू. रतनगडाच्या पायथ्याशी रतनवाडीत अमृतेश्वराचं देऊळ आहे. तिथं बहुतेक लोक गडावर जायच्या घाईत असतात, देवळाला पाच मिनिटं मिळतात. तुम्ही एक तास द्या. बाहेरच्या भिंतीवर हात न लावता नुसती नजर फिरवत जा. शेजारची पुष्करणी बघा, तिच्या कोनाड्यांमधल्या मूर्ती बघा. मग मागं जंगलाकडं वळा. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा. १९८६ साली जाहीर झालेलं, जवळपास ३६२ चौरस किलोमीटरचं. इथं शेकरू आहे, आपला राज्यप्राणी. शेकरू दिसण्याआधी बहुधा त्याची घरटी दिसतात. एकच शेकरू आसपास चार-पाच घरटी बांधतं, त्यामुळे घरटं दिसलं म्हणजे मालक घरी असेलच असं नाही. पण मान वर करायची सवय लागते, हे काय कमी आहे?

आता नदीबरोबर खाली उतरू. भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं, कालवे आले, कालव्यामागं ऊस आला. १९५० मध्ये लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि मग उसाला मागं वळून बघावं लागलं नाही. माणसानं ऊस लावला साखरेसाठी. बिबट्याला मात्र त्यात दिसलं वर्षभर हिरवं, दाट, पाणी जवळ असलेलं रान.

अकोल्याच्या खोऱ्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅमेरा ट्रॅप लावून अभ्यास केला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दर चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं राहतात अशा शेतीच्या मुलखात, दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे. आणि जवळपास तेवढीच तरसं! बिबट्याच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा गावातल्या कुत्र्यांचा. म्हणजे हा काही जंगलातून वाट चुकून आलेला पाहुणा नव्हे, तो इथलाच रहिवासी आहे.

याच पट्ट्यात, ऊसतोडीच्या दिवसांत, एका वस्तीवर मी चहाला थांबले होते. घरातल्या आजी सांगत होत्या, शेजारच्या फडात पाचटात तीन पिल्लं निघाली. तोडणी करणाऱ्या बायांना आधी वाटलं मांजराची. डोळे पुरते उघडलेले नव्हते. एक पोरगं उचलून घ्यायला धावलं, तर मुकादमानं त्याचा दंड धरला आणि म्हणाला, "ठेव तिथंच. तिची आई आपल्याला बघतीय." काम थांबवलं, वनखात्याला फोन केला. संध्याकाळी त्याच जागेवर प्लॅस्टिकच्या कॅरेटमध्ये पिल्लं ठेवली आणि सगळे मागं सरकले. सकाळी कॅरेट रिकामं. आई एकेक करून घेऊन गेली होती.

"उचललं असतं तर?" मी विचारलं.

आजी म्हणाल्या, "मग ती हितंच फिरली असती की. आमच्या दारापुढं."

त्या आजींनी जे एका वाक्यात सांगितलं, ते संशोधकांनाही मोजून दिसलंय. शेजारच्या जुन्नर भागात वीस-पंचवीस वर्षांपूर्वी बिबटे पकडून दुसरीकडं नेऊन सोडले गेले. त्यानंतर माणसांवरचे हल्ले कमी व्हायच्या ऐवजी वाढले. प्राणी आणि त्याची जागा, ही दोन वेगळी करता येत नाहीत. एक उचललं की दुसरं बिघडतं.

हे डोक्यात ठेवा. आपण आणखी खाली जातोय.

संगमनेर तालुक्यात प्रवरेकाठी जोर्वे नावाचं गाव आहे. १९५०-५१ मध्ये सांकलिया आणि शां. भा. देव यांनी इथं उत्खनन केलं आणि या गावाचं नाव एका अख्ख्या संस्कृतीला मिळालं. तांबड्या भांड्यांवर काळ्या रेघांची नक्षी, तोटीची भांडी. तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी महाराष्ट्रात शेती करणाऱ्या लोकांची ही ओळख. असली खापरं नदीकाठच्या पांढरीच्या टेकाडांवर पावसानंतर वर येतात. माझ्या माहितीतल्या किती तरी घरांत ती शोकेसमध्ये आहेत. कुठून आणली विचारलं, की उत्तर येतं, "असंच, फिरताना."

आणि आता दायमाबाद. श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या डाव्या काठावर. जागा आधीपासून अभ्यासकांना माहीत होती. बोपर्डीकरांनी ती १९५८ मध्ये शोधली, लगेच खोदकामही झालं. पण खरा धक्का बसला १९७४ मध्ये. छबू लक्ष्मण भिल हे तिथं एका झुडपाचं मूळ खणत होते. मुळाखाली हाताला लागलं धातूचं काहीतरी. चार वस्तू निघाल्या. सगळं मिळून वजन साठ किलोंच्या वर!

काय होतं ते? एक रथ, ४५ सेंटीमीटर लांब. त्याला दोन बैल जुंपलेले, आत उभा असलेला १६ सेंटीमीटर उंचीचा माणूस, आणि पुढं दांडीवर चक्क एक कुत्रा. दुसरी म्हैस. तिसरा हत्ती. आणि चौथा, मंडळी, चौथा गेंडा! १९ सेंटीमीटर उंच, चाकांवर उभा. सगळं भरीव ब्राँझ.

जरा विचार करा. आज महाराष्ट्रात रानात एकही गेंडा नाही. पण गोदावरीच्या खोऱ्यात कुणाच्या तरी ओळखीचा गेंडा होता. त्यानं स्वतः पाहिला होता, की दुरून आलेल्या कारागिराबरोबर त्याचं रूप आलं होतं? तो कधीचा? इथंच घोडं अडतं. उत्खनन करणाऱ्या सा. अ. साळींसारख्या अभ्यासकांनी या वस्तू उत्तर हडप्पा काळातल्या मानल्या, म्हणजे जवळपास चार हजार वर्षांपूर्वीच्या. डी. पी. अगरवाल यांनी धातूच्या तपासणीवरून शंका घेतली. यात आर्सेनिकचं प्रमाण एक टक्क्याच्या वर आहे, त्या काळातल्या इतर वस्तूंत तसं दिसत नाही, तेव्हा या बऱ्याच नंतरच्या असू शकतात, असं त्यांचं म्हणणं. वाद अजून मिटलेला नाही.

का मिटत नाही? कारण वस्तू अभ्यासकांनी थरातून काढलेल्या नाहीत, मुळाबरोबर वर आलेल्या आहेत. कुठल्या थरात होत्या, शेजारी कुठलं खापर होतं, राख होती का, हे सगळं मागाहून जुळवावं लागलं. यात छबूंना दोष देण्याचा प्रश्नच नाही. ते सरपणासाठी खणत होते. उलट त्यांचे उपकारच, कारण साठ किलो धातू भंगाराच्या तराजूवर गेला असता तर गेंडा वितळून गेला असता आणि वाद घालायलाही काही उरलं नसतं. पण आपण, जे हौसेनं फिरतो, ज्यांच्या खिशात फोन आहे आणि ज्यांना हे माहीत आहे, त्यांना ती सवलत नाही.

प्रवरा पुढं नेवाशाजवळ गोदावरीला मिळते. इथल्या काठावरून सांकलिया चालत हिंडले. नदीनं कापलेल्या दरडींमध्ये त्यांना अश्मयुगीन हत्यारं दिसली. दरडीतल्या थरात असतो तोवर तो दगड माणसाचं हत्यार असतो, त्याला वय असतं. खिशात आला की नुसता दगड.

म्हणून आजच्या प्रश्नाचं माझं उत्तर पिल्लांना आणि खापरांना एकच आहे. जिथं सापडलं, तिथंच राहू द्या. जागा म्हणजे त्या वस्तूचा अर्धा जीव.

मग हात बांधून बसायचं का? अजिबात नाही. वीरगळ दिसला, मूर्ती दिसली, तर फोटो काढा. शेजारी पट्टी किंवा पेन ठेवा, म्हणजे आकार कळेल. तोंड कुठल्या दिशेला आहे, कुणाच्या बांधावर आहे, गावकरी त्याला काय म्हणतात, हे लिहून घ्या. हे शेवटचं फार महत्त्वाचं. नाव गेलं की दगडाची गोष्ट जाते. त्यावर तेल, खडू, पाणी काही ओतू नका. गावात ऑइल पेंट लावायचं चाललं असेल तर भांडू नका, चार माणसांत बसून सांगा. जमिनीतून काही निघालं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं, हा १८७८ पासूनचा कायदा आहे, आणि सापडवणाऱ्याच्या हक्काचीही त्यात तरतूद आहे. प्राण्याचं पिल्लू दिसलं तर मागं सरका, गर्दी हटवा, वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. सेल्फी नको. आणि बिबट्याची, घुबडाच्या घरट्याची नेमकी जागा सोशल मीडियावर तर मुळीच टाकू नका.

एवढं सगळं केल्यावर तुमच्या घरातला शोकेस रिकामा राहील, हे खरं. पण तुमच्या वहीत एक नोंद राहील, आणि तिच्या जोरावर उद्या कुणीतरी त्या टेकाडावर परत जाऊ शकेल.

तुमच्या गावातल्या वीरगळाला लोक काय नावानं ओळखतात, हे मला नक्की कळवा. पुढच्या एका भागात आपण तीच नावं घेऊन बसू. तोवर फिरत राहा, ऐकत राहा. नमस्कार.