भिंतीवरची निळी अक्षरे

(वर्षावासानिमित्त दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणाला विषय काय, असे संस्थेने विचारले तेव्हा आम्ही 'भिंतीवरचे लेखन' असे कळवले. त्यावर कार्यकारिणीतील एका मित्राने हसून विचारले, "म्हणजे 'येथे जाहिरात लावू नये' तेच ना?" तेही त्यात येतेच. पण आज ते बोलायचे कारण निराळे आहे. आपल्या समाजमंदिराच्या दर्शनी भिंतीला ग्रॅनाइट लावण्याचा ठराव मांडला गेला आहे. त्या भिंतीवर काय लिहिलेले आहे, हे फरशी बसण्याआधी एकदा सर्वांनी नीट पाहावे, एवढाच आमचा हेतू.

भिंतीवर सामान्य माणसाने लिहिण्याला इंग्रजीत ग्रॅफिटी म्हणतात. 'सकाळ' वाचणाऱ्यांना ग्राफिटी म्हटले की ते एका ओळीचे मिश्किल वाक्य आठवेल. जगभर मात्र या शब्दाने रंगाच्या फवाऱ्याने रात्रीत रंगवलेल्या भिंती डोळ्यांसमोर येतात. न्यूयॉर्कमध्ये टाकी 183 अशी सही जागोजागी करणारा एक पोरगा होता. निरोप पोचवण्याचे काम करीत तो शहरभर हिंडे. 183 हा त्याच्या रस्त्याचा क्रमांक. 1971 साली तिथल्या मोठ्या वर्तमानपत्राने त्याच्यावर बातमी छापली आणि मग शेकडो पोरांनी आपापली नावे भिंतींवर, भुयारी रेल्वेच्या डब्यांवर लिहायला घेतली. पुढे ती अक्षरे फुगली, एकमेकांत गुंतली, आणि शेवटी अशी झाली की जाणकारांशिवाय कोणाला वाचता येऊ नयेत.

त्याच्या पुढच्याच वर्षी, 1972 साली, मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली. तिने नाव घेतले ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. पण आपल्या भिंतींची वाट तिकडच्या भिंतींच्या नेमकी उलट गेली. तिकडचा पोरगा स्वतःचे नाव लिहीत होता. आपल्या पोरांनी स्वतःचे नाव कधी लिहिले नाही, बाबासाहेबांचे लिहिले. आणि त्यांचे अक्षर वाचता येणे हीच मुख्य गोष्ट होती, कारण ज्यांच्यासाठी लिहायचे ते नुकतेच वाचायला शिकत होते आणि ज्यांना दाखवायचे त्यांना तर ते वाचता यायलाच हवे होते!

आपला हा वारसा पन्नास वर्षांचाच आहे असे मात्र समजू नये. कार्ल्याच्या चैत्यगृहात दाराचे काम करणाऱ्या धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचे नाव कोरलेले आहे. जुन्नरच्या लेण्यांत बांबूचे काम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचे लेख आहेत. भाषा प्राकृत, लिपी ब्राह्मी. म्हणजे राजाने लिहवून घेतलेल्या लेखांच्या शेजारी हाताने काम करणाऱ्या माणसांची नावे दोन हजार वर्षे टिकून आहेत, आणि ती बुद्धाच्या भिंतीवर आहेत. पुढे याच कष्टकऱ्यांच्या वंशजांना अक्षर नाकारले गेले, हे या सभेला सांगायची गरज नाही.

श्रीलंकेत सिगिरिया येथे पाचव्या शतकातील राजा काश्यपाने बांधलेली एक गुळगुळीत भिंत आहे. तिच्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी कित्येक शतके सिंहली भाषेत पद्ये कोरली. त्यांत भिक्खू आहेत, शिपाई आहेत, स्त्रियाही आहेत. परणविताना या विद्वानाने त्यांतली 685 पद्ये वाचून 1956 साली प्रसिद्ध केली. सालाचा हा योगायोग आम्हांस उगाचच आवडतो.

आणि याच्या उलटही उदाहरण आहे. 1819 च्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात बोधिसत्त्वाच्या चित्रावर स्वतःचे नाव आणि तारीख कोरली. लेण्यात तेव्हा दगडमातीचा ढीग साचला होता, त्यावर उभा राहून त्याने कोरले. म्हणून ते नाव आज डोक्याच्याही वर दिसते. तेव्हा भिंतीवर लिहिलेले सगळेच चांगले, असे आमचे म्हणणे नाही. कोणी, कोणाच्या भिंतीवर आणि कशावर लिहिले ते पाहावे लागते.

आता आपल्या सांगोल्याकडे येऊ. आमच्या थोरल्या मंडळींच्या सांगण्यानुसार आधी भिंतीवर लिहायचे ते सरकारने आणि पक्षांनी. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण, साक्षरतेची वाक्ये आणि निवडणूक आली की शेतकरी कामगार पक्षाचा लाल बावटा. 1962 साली गणपतराव देशमुख येथून प्रथम निवडून आले; पुढे ते अकरा वेळा आमदार झाले, तेव्हा या तालुक्याच्या भिंतींनी लाल रंग किती प्याला असेल याचा अंदाज करावा. आपल्या वस्तीत रंग विकत आणायला पैसा नव्हता. कपड्याला घालायची नीळ चुन्यात कालवायची, शिंदीची काडी चेचून तिचा कुंचला करायचा आणि लिहायचे 'जय भीम'. कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांनी रुजवलेले हे अभिवादन माणदेशातल्या मातीच्या भिंतीवर असे निळ्या चुन्यात उतरले. त्या अक्षराला वळण नव्हते. वेलांटी कधी उलटी पडे. तरी पांढऱ्या मातीच्या भिंतीवर ते लांबून उठून दिसे. आपला तालुका अवर्षणाचा, पाऊस कमी. पिकाला तो शाप खरा. पण चुन्यातले अक्षर कोकणात एका पावसाळ्यात धुऊन गेले असते, ते इकडे दोन-तीन वर्षे टिकायचे.

मग 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपली घरे जळाली. त्या काळात भिंतींचे अक्षर बदलले. मुंबईला कामाला असलेली पोरे सुट्टीला येत, ती चाळींच्या भिंतींवरचे जाड ठोकळा अक्षर इकडे घेऊन आली. एकाने जुन्या एक्स-रेच्या फिल्ममधून नामांतराच्या मागणीचा साचा कापून आणला होता. साचा भिंतीला धरायचा, वरून रंगाचा बोळा फिरवायचा. एका रात्रीत वीस भिंती होत. त्यात कलाकुसर कमी, वेग जास्त. धरपकडीच्या दिवसांत वेगच हवा होता.

आम्ही त्यानंतरचे. 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला तेव्हा आम्ही शाळकरी होतो आणि रंगाचा डबा धरायचे काम आमच्याकडे होते. त्या आठवड्यात शेजारच्या एका गावी, गावाचे नाव घेत नाही, आपल्या वस्तीच्या तोंडाशी असलेल्या भिंतीवरचे 'जय भीम' कोणी तरी रात्री शेणाने सारवून टाकले. सकाळी भांडण होणार असे वाटले. आमच्याबरोबर गेलेल्या पेंटरमामांनी कोणाशी शब्द काढला नाही. पाणी मागवले, भिंत धुतली, वाळेपर्यंत बसून चहा प्याले आणि पहिल्यापेक्षा दुप्पट मोठे अक्षर काढले. बघायला सगळा गाव जमला होता. सारवणाराही त्यात असणारच.

हे पेंटरमामा म्हणजे आपल्या भिंतीचा खरा इतिहास. त्यांनी सोलापूरला टॉकीजच्या पोस्टरवाल्यांच्या हाताखाली काम केलेले. त्यांची पद्धत अशी. आधी चुन्याचे दोन हात. मग सूत निळीत भिजवून दोघांनी दोन टोकांना ताणून धरायचे आणि मधोमध टिचकी मारायची. सरळ रेघ उमटते. ती शिरोरेषा. खाली तशीच दुसरी. मग अक्षरांची जागा वाटून घ्यायची, कडा काढायच्या, पोट भरायचे आणि शेवटी उजव्या बाजूला खाली काळी छाया द्यायची, म्हणजे अक्षर भिंतीतून पुढे येते. आपल्या समाजमंदिराच्या भिंतीवरचे 'जय भीम' त्यांनी 1991 च्या जन्मशताब्दी वर्षात असे काढले. त्यातल्या 'भी'ची वेलांटी पाहा. ती सरळ खाली न येता अर्धवर्तुळ घेऊन उतरते, कमानीसारखी. ती त्यांची स्वतःची. टाकी 183 ला सही करावी लागली. मामांची ओळख त्या वेलांटीवरून पटते.

त्यानंतरचे थोडक्यात सांगतो. शेषन साहेबांनी निवडणुकीतल्या भिंती रंगवण्याला लगाम घातला. 1995 साली मालमत्तेच्या विरूपणाला प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा कायदा आला. आणि मग फ्लेक्स आला. तासाभरात छापून मिळतो, फोटो येतो, वर्गणी देणाऱ्या पन्नास जणांची डोकी येतात. बाबासाहेब मध्ये असतात, पण दिवसेंदिवस लहान होत चालले आहेत. आमचाही फोटो एकदा त्यात होता, हे कबूल करतो. पंधरा दिवसांत तो फ्लेक्स कोणाच्या तरी वैरणीवर झाकायला गेला. पेंटरलोकांचे काम मात्र सुटले. मुंबईत याच काळात उलटे घडत होते. 2009 साली महापालिकेने तुळशी पाइप रस्त्याची भिंत चित्रकारांना खुली केली आणि 2014 साली वांद्र्याच्या टेलिफोन इमारतीवर रणजित दहिया यांनी दादासाहेब फाळक्यांचे भव्य चित्र काढले. तिकडे लोक आता भिंती बघायला मुद्दाम जातात.

बँकेत आमच्या काउंटरला एक आजी पगारासाठी येत. नावाच्या सुरुवातीला 'भी'. शाळेत गेल्या नव्हत्या. आम्ही सवयीने शाईचा पॅड पुढे केला, तर त्यांनी तो मागे सारला आणि पेन मागितले. सही करायला चांगली दोन मिनिटे लागली, मागे रांग कुरकुरत होती. त्यांच्या 'भी'ची वेलांटी कमानीसारखी होती. "कुठं शिकलात आजी?" असे विचारले. म्हणाल्या, "समाजमंदिराम्होरं बसून. रोज दिसतंय की."

म्हणून ठरावाला आमची दुरुस्ती अशी आहे. ग्रॅनाइट खुशाल लावा, पण त्या अक्षरांएवढी भिंत सोडून लावा. हे घेऊन आम्ही पेंटरमामांकडे गेलो होतो. त्यांचे वय आता सत्तरीच्या पुढे, मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले. आम्हांस वाटले ते खूश होतील. ते म्हणाले, "पुसा की! प्लास्टर फुगलंय, ते ऱ्हातंय व्हय? पर आदी पोरास्नी सूत मारायला शिकवतो. मग नव्या प्लास्टरवर त्येच काढतील."

आम्ही जपायला निघालो होतो अक्षर, त्यांना द्यायचा होता हात. मग आमची दुरुस्ती आम्हीच पुन्हा दुरुस्त करतो. जागा सोडावी, प्लास्टर नवे करावे, लिहिणारे हात नवे असावेत. जुन्या अक्षराचा मापासकट फोटो मात्र आधी काढून ठेवू. येत्या रविवारी सकाळी आठ वाजता मामा समाजमंदिरासमोर येणार आहेत. सातवी ते दहावीच्या मुलामुलींनी यावे. येताना जाड सूत, नीळ आणि जुने कपडे आणावेत. चुना संस्थेकडून मिळेल.

जय भीम.