पडद्यावरून भिरकावलेला दगड

(‘मराठी चित्रपट आणि समाजमन’ या विषयावर एका व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



संयोजकांनी दिलेला विषय फार विस्तीर्ण आहे. तासाभरात त्याला न्याय देणे अशक्य आहे. म्हणून आज मी एकाच दिग्दर्शकाच्या वाटचालीविषयी बोलणार आहे. त्यांचे नाव नागराज मंजुळे. हे नाव घेतले की बहुतेकांना ‘सैराट’ची गाणी आणि तिकीटबारीवरचे कोटींचे आकडे आठवतात. मला मात्र त्या आकड्यांच्या अलीकडचा माणूस आणि पलीकडचा प्रश्न आपल्यापुढे ठेवायचा आहे.

मराठी चित्रपटाला सामाजिक भान नवे नाही. १९२५ साली बाबूराव पेंटरांनी ‘सावकारी पाश’मध्ये कर्जात जमीन गमावलेला शेतकरी दाखवला. १९३५ साली ‘प्रभात’ने संत एकनाथांच्या जीवनावर ‘धर्मात्मा’ काढला. त्याचे मूळ नाव ‘महात्मा’ होते. सेन्सॉरच्या आक्षेपामुळे ते बदलावे लागले. नाथांच्या भूमिकेत बालगंधर्व होते आणि अस्पृश्याच्या घरी पंगतीला बसणारे नाथमहाराज त्या काळच्या प्रेक्षकाला अंतर्मुख करून गेले. ही परंपरा आपल्याला अभिमानास्पद आहे. परंतु या चित्रपटाचे नायक नाथमहाराज आहेत. ज्याच्या घरी ते जेवले, त्याच्या डोळ्यांतून ते घर, ते गाव आणि ती पंगत कशी दिसली असेल? हा प्रश्न विचारायला मराठी पडद्याला पुढे कितीतरी दशके लागली.

जेऊरचा मुलगा

सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यात जेऊर नावाचे गाव आहे. मंजुळे तिथले, वडार समाजातले. वडार म्हणजे दगड फोडणारा, माती वाहणारा समाज. आपल्या आजीच्या स्वयंपाकघरातले जाते, पाटा-वरवंटा त्यांच्याच छिन्नी-हातोड्यातून आलेले. वाड्यांचे चिरे, विहिरींची बांधणी, रस्त्यांची खडी, धरणांच्या भिंती यांत त्यांचा घाम मुरलेला आहे. घर दुसऱ्याचे उभे राहिले, यांचा संसार मात्र पालात राहिला.

पालावरच्या या जीवनामागे केवळ दारिद्र्य नाही. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे त्याची व्याप्ती वाढवत नेली. अनेक भटक्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का बसला. सोलापुरात तर अशा जमातींसाठी तारेच्या कुंपणाची वसाहतच होती. देश १९४७ साली स्वतंत्र झाला, पण हा कायदा रद्द व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावे लागले. कागदावरचा शिक्का पुसला गेला. मनातला पुसला गेला का, याचे उत्तर प्रत्येकाने आपापल्या गावात शोधावे.

अशा पार्श्वभूमीचा हा मुलगा दहावीत नापास झाला. आपल्याकडे दहावी नापास हा शिक्षणाचा पूर्णविराम समजला जातो. मंजुळे यांनी तो स्वल्पविराम मानला. ते पुन्हा शिकले, पुणे विद्यापीठातून मराठीत एम. ए. झाले, कविता लिहू लागले. ‘उन्हाच्या कटाविरुद्ध’ हा त्यांचा कवितासंग्रह आहे. पुढे नगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या महाविद्यालयात त्यांनी संज्ञापन अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. त्या शिक्षणाच्या निमित्ताने त्यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला. शाळेची ओढ असलेल्या, पण पोटासाठी चोरीला जुंपल्या गेलेल्या मुलाची ही कथा. तिला राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार मिळाला.

येथे एक गोष्ट आग्रहाने सांगितली पाहिजे. हालअपेष्टांतून कलावंत घडतो, असे आपण सहज बोलून जातो. हे विधान निर्दय आहे. हालअपेष्टांतून बहुधा माणूस मोडतो. मंजुळे घडले ते पुस्तकांमुळे, भाषेवरच्या प्रेमामुळे आणि नापास झाल्यावरही उघड्या राहिलेल्या शिक्षणाच्या दारामुळे. ज्यांच्यासाठी ते दार उघडले नाही, अशी किती मुले खडीच्या ढिगाऱ्यावरच राहिली, त्यांची गणना कोणी केलेली नाही.

‘फँड्री’ : डुकरामागे धावणारे कुटुंब

१४ फेब्रुवारी २०१४ रोजी ‘फँड्री’ प्रदर्शित झाला. फँड्री हा कैकाडी बोलीतला शब्द, अर्थ डुक्कर. गावाबाहेर राहणाऱ्या कैकाडी कुटुंबातला जब्या हा शाळकरी मुलगा वर्गातल्या शालूवर मनोमन प्रेम करतो. काळी चिमणी सापडली की आपली इच्छा पूर्ण होईल, या भाबड्या आशेने तो रानोमाळ हिंडतो. आणि गाव मात्र त्याच्या घराला एकच काम सांगते, डुक्कर पकडण्याचे. जब्याची भूमिका केलेला सोमनाथ अवघडे हा त्याच भागातला मुलगा. त्याने यापूर्वी कॅमेऱ्यासमोर कधी काम केले नव्हते. या भूमिकेसाठी त्याला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मंजुळे यांना दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटासाठीचा इंदिरा गांधी पुरस्कार मिळाला.

त्यातील एक प्रसंग राष्ट्रभक्त म्हणवणाऱ्या प्रत्येकाने पाहावा. सारे कुटुंब डुकरामागे धावते आहे, डुक्कर आता हाती लागणार, एवढ्यात शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येतात. ते कुटुंब जागच्या जागी थबकते, ताठ उभे राहते. डुक्कर निसटून जाते. ज्या समाजाने त्यांना गावाच्या सीमेवरही धड जागा दिली नाही, त्या समाजाच्या राष्ट्रगीताचा मान ते तोंडचा घास सोडून राखतात. काहींना या दृश्यात उपहास दिसला. मला त्यात एक हिशेब दिसतो. राष्ट्राचे देणे त्यांनी चुकते केले आहे. राष्ट्राकडून त्यांचे येणे बाकी आहे.

पुढे मारलेले डुक्कर बांबूला बांधून नेताना शाळेच्या भिंतीवरच्या महापुरुषांच्या चित्रांसमोरून ती माणसे जातात. शेवटी चिडवणाऱ्या गावकऱ्यांवर जब्या दगड भिरकावतो आणि तो थेट कॅमेऱ्याच्या दिशेने, म्हणजे आपल्या दिशेने येतो. तिथे पडदा काळा होतो.

हा दगड कोणाला? खलनायकाला असता तर आपण टाळ्या वाजवल्या असत्या. तो आहे कुंपणावर बसून गंमत पाहणाऱ्यांना. ज्यांनी कधी कोणावर हात उगारला नाही, पण हसणाऱ्यांना थांबवलेही नाही, त्या सज्जनांना तो दगड आहे. आणि सज्जनांत आपण सारेच येतो.

हे चित्रपटापुरतेच आहे, असे म्हणून सुटता येत नाही. ‘फँड्री’ लागला फेब्रुवारीत. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये जामखेड तालुक्यातील खर्डा येथे एका दलित शाळकरी युवकाची हत्या झाली. सवर्ण मुलीशी बोलल्याच्या संशयाचे कारण तेव्हा पुढे आले होते. २०१७ साली सत्र न्यायालयात आरोपी निर्दोष सुटले. न्यायालयाचा निर्णय मी येथे तपासत नाही. परंतु एक मुलगा गेला आणि एवढ्या मोठ्या गावात त्याविषयी खात्रीने सांगणारे कोणी उरले नाही, ही गोष्ट मनाला खात राहते.

‘सैराट’ आणि आपले मौन

२९ एप्रिल २०१६ रोजी आलेल्या ‘सैराट’ने शंभर कोटींची मजल मारणारा पहिला मराठी चित्रपट असा लौकिक मिळवला. तरुणाई चित्रपटगृहात नाचली. पण ज्यांनी तो शेवटपर्यंत पाहिला, त्यांना बाहेर पडताना बोलता आले नाही. नवे घरटे नुकते उभे राहिलेले, माहेरची माणसे भेटीला आलेली, आणि मग रक्तात भरलेली लहानग्याची पावले. आवाज नाही, संगीत नाही. चित्रपटाने मुले बिघडतात, असा आरोप तेव्हा झाला. पौगंडावस्थेतले प्रेम पडद्यावर किती रंगवावे, याची चर्चा जरूर व्हावी. परंतु पोटच्या मुलीपेक्षा जातीची प्रतिष्ठा मोठी मानणारे घर आधी बिघडलेले असते, हे त्या चर्चेत निसटू नये.

पुढे २०२२ साली ‘झुंड’ आला. नागपूरच्या विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉलकडे वळवले, त्यावर तो आधारलेला आहे. वस्ती आणि महाविद्यालय यांच्यामध्ये एक भिंत उभी आहे, आणि तिच्यापलीकडे जाणारा एक शिक्षक आहे. मंजुळे यांच्या चित्रपटांत आशा असेल तर ती अशा माणसाच्या रूपाने येते.

आपण काय करायचे?

आपल्यापैकी काहींचा आक्षेप मला ठाऊक आहे. असे चित्रपट समाजात दुही माजवतात, जुन्या जखमा उघड्या करतात, असे म्हटले जाते. मंजुळे यांच्या प्रेरणा फुले-आंबेडकरी आहेत. आपले शब्द त्यांना मान्य होतील असे नाही, आणि व्हावेत अशी अटही आपण घालू नये. वेदना सांगणाऱ्याला आधी विचारसरणीचा दाखला मागायचा, ही समरसता नव्हे. जखम झाकल्याने भरत नाही, ती चिघळते. हिंदू समाज एक कुटुंब आहे, असे आपण म्हणतो. मग घरातल्या लेकराने रडून गाऱ्हाणे सांगितले, तर त्याने घराची अब्रू घालवली म्हणायचे, की आपल्या घरात त्याच्यावर ही वेळ आली म्हणून मान खाली घालायची?

१९७४ साली पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत बाळासाहेब देवरसांनी निःसंदिग्धपणे सांगितले होते की, अस्पृश्यता चूक नसेल तर जगात काहीच चूक नाही. त्या वाक्याचा उच्चार आपण वारंवार करतो. ‘फँड्री’चा दगड त्या वाक्याचा पडताळा मागतो.

तो पडताळा देणारी माणसे आहेत. तुळजापूरजवळच्या यमगरवाडीत भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी निवासी शाळा उभी राहिली. पारधी समाजात आयुष्य घालवणाऱ्या गिरीश प्रभुणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. भिकू रामजी इदाते यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने या जमातींचे प्रश्न केंद्र सरकारपुढे मांडले. हे काम मोठे आहे, पण या वास्तवापुढे अजून थोडे आहे. जातीचा दाखला नाही, म्हणून शिष्यवृत्ती नाही. कायमचा पत्ता नाही, म्हणून दाखला नाही. या चक्रात अडकलेले मूल आपल्या शहराच्या नाक्यावरच्या पालात आजही सापडेल. त्याच्या दाखल्यासाठी तहसील कार्यालयात चार हेलपाटे घालणारा एक सुशिक्षित माणूस त्याला मिळाला, तर ते शाळेत टिकेल. आपल्या मुलाच्या वाढदिवसाला त्याला घरात, इतरांच्या पंगतीत बसवणारी एक आई मिळाली, तर ते हसेल.

मंजुळे यांच्या निर्मितिसंस्थेचे नाव ‘आटपाट’ आहे. आपल्या कहाण्यांची सुरुवात या शब्दाने होते. आटपाट नगरात राजा असतो, राणी असते, ब्राह्मण असतो, वाणी असतो. नगराच्या वेशीबाहेर कोण राहत होते, ते कहाणी सहसा सांगत नाही. करमाळ्याच्या एका वडाराच्या मुलाने ती कहाणी वेशीबाहेरून सांगायला घेतली आहे. ती ऐकताना अंगावर दगड येईल. तो चुकवू नये. ज्या हातांनी आपल्या घरांचे चिरे घडवले, त्यांचाच तो दगड आहे. तो उचलून, वेशीची भिंत पाडून त्याच जागी सर्वांसाठी एक पायरी बांधता आली, तर आपण आज येथे जमलो त्याचे सार्थक होईल.