सही कुणाची?
(रिसोड येथील महिला बैठकीतील भाषण)



डॉक्टरांच्या सशुल्क सेवेला ग्राहक कायदा लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सांगितलं. आपल्याला दाद मागायला जागा मिळाली. पण खटल्याच्या धास्तीने काही सर्जन गरजेपलीकडच्या तपासण्या लिहितात, जोखमीच्या बाईला पुढच्या शहरात पाठवतात. रिसोडहून गाडीभाड्याची उसनवारी आपलीच! शिवाय छापील कागदावर नवऱ्याची सही घेतली की ते मोकळे.

ती सही ढाल नव्हे. दिल्लीच्या समीरा कोहली खटल्यात तपासणीसाठी भूल दिलेल्या बाईचं गर्भाशय आईच्या संमतीने काढलं होतं. जिवावरची तातडी नव्हती. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने बजावलं : सज्ञान बाईची संमती तिचीच हवी.

म्हणून सहीआधी विचारा : कशासाठी? दुसरा उपाय कोणता? नाही केलं तर काय? नीट समजावून लिहून ठेवणाऱ्या डॉक्टरचंही खरं संरक्षण त्यातच आहे.