फेसाळ मद्य आणि नाताळचे भोजन

नाताळच्या आदल्या रात्री, २४ डिसेंबरला, फ्रान्समध्ये कुटुंबे एकत्र जमून उशिरापर्यंत जेवतात. आरंभी कालवे, मग भाजलेला कोंबडा किंवा टर्की, आणि शेवटी लाकडाच्या ओंडक्यासारखा घडविलेला गोड केक, असा या भोजनाचा थाट असतो. शॅम्पेनची बाटली पुष्कळदा या केकसाठी राखून ठेवतात. जाणकारांचा आक्षेप आहे तो नेमका याच रीतीवर.

ही रीत मुळात गैर नव्हती. एकोणिसाव्या शतकात शॅम्पेन अतिशय गोड असे. तेव्हा ती भोजनाच्या शेवटी शोभत असे. पुढे इंग्लंडमधील ग्राहकांना कमी गोडीची शॅम्पेन आवडू लागली. रेंस शहरातील पोमेरी पेढीची १८७४ सालची अगोड शॅम्पेन नावाजली गेली. आज बहुतेक बाटल्यांवर ‘ब्रूत’ हा शब्द आढळतो. तिच्यात लिटरमागे १२ ग्रॅमहून कमी साखर असते. मद्य पालटले, रीत तशीच राहिली. लाडू खाऊन चहा घेतला की तो अगोड लागतो. तद्वतच केकवर घेतलेली ब्रूत नुसती आंबट लागते.

या घोटामागे मोठी मेहनत असते. तयार मद्यात साखर व किण्व घालून ते बाटलीत पुन्हा आंबवितात. कोंडलेला वायू त्यातच विरघळतो आणि बाटलीतील दाब हवेच्या दाबाच्या पाच-सहा पट होतो. निदान १५ महिने बाटली तळघरात विसावते. पावाचा मंद गंध तेथेच येतो.

तो गंध कळावा म्हणून शॅम्पेन ८ ते १० अंशांवर द्यावी; फार गारठली तर गंध मरतो. बाटली तिरपी धरून, बूच घट्ट पकडून बाटलीच फिरवावी. पसरट पेल्यापेक्षा वर निमुळता होणारा उंच पेला बरा. आधी वास घ्यावा, मग लहान घोट.

कालव्यांच्या खारटपणाशी ब्रूत उत्तम जुळते. कोंबड्याबरोबर अधिक वर्षे मुरलेली घ्यावी. केकसाठी मात्र ‘दमी-सेक’ ही गोड जात निवडावी, कारण पक्वान्नाहून मद्य कमी गोड असू नये. आणि घरात एकच ब्रूत असेल, तर ती पहिल्या कालवाबरोबरच उघडावी.